अक्कांचं ‘शे’ आणि एक अवतरणचिन्ह

निवृत्त झाल्यापासून लग्नाकार्यात एक प्रश्न हमखास येतो. “मावशी, तुम्ही कॉम्प्युटरवर नेमकं काय करायच्या हो?” आम्ही भुसावळचे. आमच्या नात्यागोत्यात रेल्वे आणि केळी, एवढे दोनच उद्योग सगळ्यांना नीट समजतात. पूर्वी मी “डेटाचं काम” असं म्हणून जिलेबीकडे वळायचे. हल्ली खरं सांगते: एका मशीनमधला मजकूर दुसऱ्या मशीनमध्ये न सांडता नेऊन ओतायचे. ऐकणाऱ्याला ते पाणी भरण्यासारखं वाटतं. त्यात फार चूकही नाही. फक्त हे पाणी सांडलं तर दिसत नाही, आणि महिन्यांनी कुणाला तरी तहान लागते तेव्हा कळतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जळगावात नव्या पेठेच्या मागे आमचं सेंटर होतं. एक गार हवेची खोली, दाराशी चपलांचा ढीग, आत चार मशीनं. गिऱ्हाइकं देवळात यावी तशी आत येत. पाचोऱ्याकडचे एक कापसाचे व्यापारी तर दर वेळी उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायचे. आमचे चौधरी साहेब मूळ रावेरचे. इंजिनिअर होते, मुंबईत मोठमोठ्या मशीनवर काम करून आले होते, आणि वडिलांच्या आजारपणामुळे परत येऊन त्यांनी हे सेंटर काढलं होतं. मोजकं बोलायचे. मी त्यांच्याकडे टायपिस्ट म्हणून लागले आणि हळूहळू प्रोग्रॅम लिहायला लागले.

मजकूर ओतायचा म्हणजे काय, ते आधी सांगते. समजा एका मशीनमध्ये माणसांची माहिती आहे: नाव, पत्ता, धंदा. दुसऱ्या मशीनला पहिल्याच्या पोटातली मांडणी कळत नाही. दोघांनाही कळतात ती फक्त साधी टाइप केलेली अक्षरं. म्हणून पहिलं मशीन दर माणसाची एक ओळ लिहून काढतं. नाव, मग स्वल्पविराम, पत्ता, मग स्वल्पविराम, धंदा. दुसरं मशीन ती ओळ वाचतं आणि स्वल्पविराम दिसला की नवा रकाना सुरू करतं. सोपं आहे. पण पत्ता ‘स्टेशन रोड, रावेर’ असा असला की मशीन स्टेशन रोडला थांबतं आणि रावेर पुढच्या रकान्यात टाकतं. माणसाचा धंदा रावेर होऊन बसतो.

यावर तोड अशी, की प्रत्येक रकान्यातला मजकूर अवतरणचिन्हांत ठेवायचा. चिन्ह उघडलं की बंद होईपर्यंत आत कितीही स्वल्पविराम येऊ देत, मशीन तिकडे लक्ष देत नाही.

हे शिकून मी स्वतःला तज्ज्ञ समजायला लागले, आणि तेवढ्यात पाइपवाले शेठ आले.

त्यांचं हायवेवर पाण्याच्या पाइपांचं आणि जोडसामानाचं दुकान होतं. जुन्या मशीनवरची मालाची यादी नव्या मशीनवर हवी होती. आम्ही दिली. दुसऱ्या दिवशी शेठ घाम पुसत हजर.

“बाई, माझं गोडाऊन कुठं गेलं?”

“म्हणजे?”

“एकच वस्तू राहिलीय. पण तिचं नाव एवढं लांब आहे, की माझ्या नोकरानं वाचता वाचता चहा घेतला.”

मी पाहिलं. खरंच एका वस्तूच्या नावात एल्बो, टी, सॉकेट, व्हॉल्व असं अर्धं गोडाऊन कोंबलेलं. कारण साधं होतं. पाइपवाले इंच कसा लिहितात? आकड्यापुढे दोन उभ्या रेघा. मशीनच्या दृष्टीनं तेच अवतरणचिन्ह. दोन इंची एल्बो आला, की मशीनला वाटायचं मजकूर इथं संपला. मग पुढची सगळी उघडझाप उलटी व्हायची, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत.

मी साहेबांकडे गेले. ते फळ्यापाशी उभे होते.

“साहेब, मजकुरातच अवतरणचिन्ह असलं तर काय करायचं?”

“त्याच्याआधी एक खूण ठेवायची.” त्यांनी फळ्यावर उलटी तिरपी रेघ काढली. “वाचणाऱ्या मशीनशी आधीच ठरवून ठेवायचं, की ही रेघ दिसली की तिच्यापुढचं चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर समजायचं. त्याचा हुकूम मानायचा नाही.”

“आणि मजकुरात हीच रेघ आली तर?”

“तिच्याआधी हीच रेघ.”

मी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं, की पुढचा प्रश्नच नाही. सगळी दारं बंद झाली होती. आता जगातला कुठलाही मजकूर, त्यात कुठलीही चिन्हं कितीही वेळा येवोत, इकडून तिकडे जसाच्या तसा जाणार होता. त्यासाठी एक छोटी रेघ आणि दोन मशीनांनी आधी केलेला एक करार पुरत होता. मी तशीच फळ्याकडे बघत राहिले. लहानपणी गणपतीच्या आरासीत आरशासमोर आरसा ठेवलेला पाहिला होता आणि आत आत जाणाऱ्या दिव्यांकडे बघून अंगावर काटा आला होता, तसंच काहीसं झालं. साहेब म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही. किती छोटं आहे हे.” ते हसले. “छोटंच असतं ते,” म्हणाले आणि फळा पुसला.

त्यानंतरची काही वर्षं मी हेच काम केलं. आमच्याकडे फाइल आली की मी आधी तिच्यातली चिन्हं तपासायचे. रावेरच्या केळीच्या गाडीवाल्यांची नावं, कुणाची ‘ऊर्फ’ची नावं अवतरणात, कुणाच्या पत्त्यात ‘मारुतीजवळ, पाराशेजारी, विचारत येणे’. सगळं मी सुखरूप पोचवलं. आपल्याला आता काही नवं बघायचं राहिलं नाही, असं वाटायला लागलं होतं. अशा वेळी सुभद्राअक्का आल्या.

तोवर नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. रंगीत पडद्याची मशीनं आली होती आणि मराठी फाँट आले होते. अक्का पारोळ्याच्या. प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, उंच, सावळ्या, नऊवारीतल्या. नोकरीत असल्यापासून त्या सुट्टीत गावोगाव हिंडून अहिराणी शब्द गोळा करत. नुसते शब्द नाहीत. प्रत्येक शब्दासाठी त्या कुणा ना कुणा बाईच्या तोंडचं एक वाक्य घ्यायच्या आणि त्याखाली त्या बाईचं नाव, गाव लिहायच्या. विहिरीवर, कापूस वेचताना, श्रावणात कानबाईच्या सणाला रोट करायच्या तयारीत, जिथं बायका बोलत तिथं अक्का कागद घेऊन बसलेल्या.

त्या कागदांना माळ्यावर वाळवी लागली. पण त्याआधी धुळ्याच्या एका टाइपिंगच्या दुकानात शोभा नावाच्या मुलीनं सगळं मराठी फाँटमध्ये टाइप करून ठेवलं होतं. मग ते दुकान बंद झालं, मशीन विकायला निघालं. जाता जाता दुकानदारानं मजकूर साध्या फाइलीत काढून फ्लॉप्यांवर दिला आणि मशीन पुसून नव्या मालकाच्या हवाली केलं. म्हणजे कागद गेलेले, मशीन गेलेलं. अक्कांच्या साऱ्या हयातीचं काम आता एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावलेल्या फ्लॉप्यांवर होतं. त्या पिशवीसकट त्या एस. टी.नं एरंडोल करत जळगावला आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

“बाई, मला हे अकारविल्हे लावून हवंय. आणि कोण काय बोललं, ते तिच्या तिच्या नावावर.”

मी म्हटलं, “चार दिवसांत देते, अक्का.”

फाइल चढवली. रकाने उघडले. 

शब्दांच्या रकान्यात माणसांची नावं, नावांच्या रकान्यात अर्धी वाक्यं, गावाच्या रकान्यात अर्थ. काही ओळी पानभर लांब, काही एका अक्षराच्या. एरंडोल हे गाव कुठं सापडतच नव्हतं. त्याच्या जागी एक मोकळा रकाना आणि पुढे ‘रंडोल’. एकनाथाची बायको ‘कनाथाची’ झालेली. मी मराठी फाँट काढून खालची मूळ अक्षरं बघितली, तेव्हा उलगडा व्हायला लागला. त्या काळचे मराठी फाँट म्हणजे मुखवटे होते. मशीनच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची, फक्त त्यांना मराठी चेहरा चढवलेला असायचा. मराठीला अक्षरं जास्त लागतात, म्हणून फाँट बनवणाऱ्यानं चिन्हांच्या जागाही वापरल्या होत्या. या फाँटमध्ये ‘ए’ बसवला होता स्वल्पविरामाच्या जागी. आपण ‘ए’ टाइप करायचा आणि मशीनच्या पोटात पडायचा स्वल्पविराम. आणि फाइल काढणाऱ्या प्रोग्रॅमनं कुठंच ती खुणेची रेघ ठेवलेली नव्हती.

पण एवढ्यानं सगळा घोटाळा उलगडत नव्हता. अवतरणचिन्हांच्या आतला स्वल्पविराम तर मशीननं सोडून द्यायला हवा होता, आणि ‘ए’ काही प्रत्येक वाक्यात येत नाही. इथं तर जवळजवळ प्रत्येक ओळ मोडलेली.

मी अक्कांना बोलावून घेतलं. खरं तर मला अहिराणी येत नाही. आमच्या भुसावळकडची बोली वेगळी. अर्धवट वाक्य पुढे कसं जातं, ते मला ओळखता येत नव्हतं. अक्का आल्या, डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा माझ्या टेबलावर ठेवला, चष्मा लावला.

“अक्का, ही बघा. वाक्य कुठंतरी तुटतं. मी वाचते, तुम्ही पुढचं सांगा.”

“वाच.”

“‘मनी आंडेर धुयाले’... माझी मुलगी धुळ्याला, एवढं कळतं. पुढे?”

“शे,” अक्का म्हणाल्या. “मनी आंडेर धुयाले शे.”

“‘उलसं दूध घरमा’...”

“शे. थोडं दूध घरात आहे.”

“‘तुनी याहीन कितली गोरी’... तुझी विहीण किती गोरी?”

“शे.”

“‘बठ्ठा गाव आठे’... सगळं गाव इथं?”

“शे.”

मी वाचायची थांबले. अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी घाईनं कळफलकावर ‘श’ दाबला आणि खालचं मूळ चिन्ह पाहिलं. ‘श’चा पहिला अर्धा तुकडा फाँटवाल्यानं बसवला होता अवतरणचिन्हाच्या जागी.

शेठजींच्या इंचासारखंच, पण इंच पाइपांपुरता होता. इथं साऱ्या बोलीचं ‘आहे’च अवतरणचिन्ह झालं होतं. खान्देशातली कुणीही बाई, घरात दूध आहे म्हणो, पोर आजारी आहे म्हणो, तिनं ‘शे’ म्हटलं रे म्हटलं, की मशीनला वाटायचं तिचं बोलणं संपलं. आणि पुढच्या बाईनं ‘शे’ म्हणेपर्यंत मधलं सगळं तिच्यात मिसळून जायचं.

मी अक्कांना समजावून सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

“म्हणजे मशीनला ‘शे’ चालत नाही.”

“चालतं, पण त्याला ते अक्षर वाटत नाही, हुकूम वाटतो.”

“‘शे’ काढी टाकं ते मंग काय शे?” अक्का म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मग त्यांची नजर पडद्यावर गेली आणि हसू गेलं. “हे गंगूच्या नावावर कसं आलं?”

“काय?”

“माझी मुलगी धुळ्याला आहे, हे. गंगूला मूलच नव्हतं, पोरी. तिच्या तोंडी हे घातलं तर तिच्या जिवाला काय वाटेल?”

गंगू जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे मला नंतर कळलं. पण अक्का त्या दिवशी ज्या रीतीनं बोलल्या, त्यानं मला पहिल्यांदा कळलं, की माझ्यासमोर शब्दांची यादी नाही, माणसं बसलेली आहेत. त्यांतल्या पुष्कळ जणींचं जगात उरलेलं एवढंच होतं: एक वाक्य आणि त्याखालचं नाव. ते दोन्ही एकमेकांपासून सुटले, की ती बाई दुसऱ्यांदा गेली.

आता अडचण खरी होती. फाइलीत खरी अवतरणचिन्हंही होती आणि ‘श’चीही. खरे स्वल्पविरामही होते आणि ‘ए’चेही. दोन्ही हुबेहूब सारखे. वेगळे ओळखायचे कसे? एकेक ओळ घेऊन हातानं निवडायचं म्हटलं, तर माझं आयुष्य गेलं असतं आणि अक्कांचंही. चौधरी साहेबांनी फाइल पाहिली. ओळी वर-खाली करून बघितल्या. शेवटी म्हणाले, “खूण ठेवायची वेळ निघून गेलीय. आता मजकुरालाच विचारायला हवं.”

मी ते डोक्यात घेऊन दोन-तीन दिवस हिंडत होते. भुसावळच्या गाडीत, स्वयंपाक करताना, कुठंही. मजकुराला काय विचारायचं? मग एकदा पोळ्या लाटताना सुचलं. जिथं खरोखर एक रकाना संपून दुसरा सुरू होतो, तिथं मशीननं नेहमी तीन चिन्हं ओळीनं टाकलेली असणार: अवतरणचिन्ह, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह. म्हणजे मजकूर बंद, पुढचा रकाना, मजकूर उघडा. हीच तीन चिन्हं जर बायकांच्या बोलण्यात आली असती, तर फाँटमध्ये ती कशी दिसली असती? अर्धा श, ए, अर्धा श.

दुसऱ्या दिवशी मी अक्कांना विचारलं, “अक्का, आपल्या बोलीत असा कुठला शब्द आहे का?” आणि मी ते उच्चारायचा प्रयत्न केला. ‘श्एश्.’

अक्कांनी मान वाकडी करून ऐकलं. त्यांनीही म्हणून पाहिलं. एकदा, दोनदा. मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की बाहेरून साहेब आत आले.

“असं ते दात पडेल धल्लीबी बोलत नही,” अक्का म्हणाल्या. आणि माझ्यासाठी पुन्हा मराठीत, “दात पडलेली म्हातारीसुद्धा असं बोलत नाही, पोरी. असं कुणीच बोलत नाही.”

मला हवं होतं ते मिळालं. जे कुणाच्याच तोंडी येत नाही, ते मशीनचं. बाकी सगळं माणसांचं.

मी प्रोग्रॅम लिहिला. फाइल डावीकडून उजवीकडे वाचत जायची. ही तीन चिन्हं ओळीनं दिसली, की तिथं रकाना तोडायचा. ओळीच्या सुरुवातीचं आणि शेवटचं सोडून एरवी कुठंही अवतरणचिन्ह दिसलं, तर त्याच्याआधी खुणेची रेघ ठेवायची, म्हणजे ‘श’ हा ‘श’च राहील. दर ओळीत शब्द, अर्थ, वाक्य, नाव आणि गाव हे रकाने पुरे भरले की नाही, ते तपासायचं. जी ओळ भरणार नाही ती बाजूला काढायची.

साहेब माझ्या मागे उभे होते. अक्का शेजारी. मी बटण दाबलं. पडदा काही वेळ काळा राहिला आणि मग ओळी वर सरकायला लागल्या. ‘मनी आंडेर धुयाले शे.’ खाली नाव, गाव. ‘उलसं दूध घरमा शे.’ नाव, गाव. एरंडोल आपल्या जागी. एकनाथाची बायको आपल्या जागी. एकेक बाई येऊन आपल्या वाक्याशेजारी उभी राहत होती. मी या धंद्यात पुष्कळ फाइली चढवल्या, पण असं कधी पाहिलं नव्हतं. मशीन तेच, रेघ तीच, जी साहेबांनी मला फळ्यावर काढून दाखवली होती. पण त्या एवढ्याशा रेघेमागून सगळं गाव बोलत बोलत बाहेर येत होतं. अक्का मोठ्यानं नावं वाचत होत्या. कुणाकुणाचं नाव आलं, की “अग बाई, तू!” म्हणायच्या, जसं काही ती दारातून आत आली. साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्या माणसाला मी पुष्कळ वर्षं ओळखत होते, पण पडद्यासमोर हात जोडताना त्याच दिवशी पाहिलं. कुणाला जोडले, ते मी विचारलं नाही.

सगळंच वाचलं असं मात्र नाही. एक फ्लॉपी खराब निघाली. तिच्यातला काही भाग वाचताच आला नाही. काही शब्द कायमचे गेले, आणि काही वाक्यं राहिली पण त्यांच्याखालची नावं गेली. मला वाटलं होतं, अक्का आठवून नावं भरतील. पुष्कळ भरलीही. पण जिथं खात्री नव्हती, तिथं त्यांनी हात लावू दिला नाही.

“ही बहुधा तुळसाबाई असेल, असं म्हणालात ना मघाशी?”

“बहुधा म्हटलं मी. बहुधा कुणी बोलत नसतं. कोरं ठेव.”

आजही त्या फ्लॉपीची मला हळहळ वाटते. नंतरच्या काळात असे कितीतरी प्रोग्रॅम आले, जे ती रेघ आपोआप ठेवतात. हल्लीच्या मुलांना ती आहे हेसुद्धा ठाऊक नाही, आणि तेच बरं आहे. पण खराब झालेल्या फ्लॉपीतून बाईचं नाव परत आणणारी रेघ अजून कुणी काढलेली नाही.

छापायला देण्याआधी अक्कांना सगळं एकदा बायकांना वाचून दाखवायचं होतं. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस होते. आमच्याकडे आखाजीला सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. पारोळ्याजवळच्या एका गावी शाळेच्या ओट्यावर अक्कांनी बायका जमवल्या. मी जळगावहून छापलेल्या कागदांची लांबलचक घडी घेऊन गेले होते. अक्का वाक्य वाचत, नाव वाचत. बायका हसत, पदरात तोंड लपवत, “ती गेली ना वं,” म्हणत. कुणाची आजी निघाली, कुणाची नणंद.

मग अक्कांनी एक वाक्य वाचलं आणि म्हणाल्या, “याचं नाव गेलंय. कुणाचं ते मला आठवत नाही.” वाक्य होतं: ‘मी शे ना, तू जाय.’ मी आहे ना, तू जा.

 मागे खांबाला टेकून एक बाई बसली होती, पन्नाशीची असेल. ती सावकाश उठली.

“हाई मनी मायनं शे.”

अक्का म्हणाल्या, “कशावरून? असं तर कुणीही बोलेल.”

बाईनं शेजारी उभ्या असलेल्या, टेम्पो घेऊन आलेल्या आपल्या मुलाकडे बोट केलं. ती सांगायला लागली: हा लहान होता, ताप उतरत नव्हता. धुळ्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं, घरी धाकटी लेक अंगावर पिणारी. हिचा पाय निघेना. आईनं धाकटीला हिच्या हातातून काढून घेतलं आणि एवढंच म्हणाली. “तूच उनी व्हती ना अक्का, कापसाना दिवसमा? तुले सांगं तिनी. मी तठेच बठेल व्हतू.” अक्का कापसाच्या दिवसांत आल्या होत्या, आईनं त्यांना हे सांगितलं होतं, आणि त्या वेळी ही तिथंच बसली होती.

अक्कांनी डोळे मिटले. “तुझी आई बोलताना कापूस पिंजत होती,” त्या म्हणाल्या. “आणि त्या धाकटीला मांडीवर घेतलेलं होतं. चालायला लागली होती ती तोवर, तरी खाली सोडत नव्हती.”

“हाई तीच,” बाई म्हणाली. तिच्या शेजारी बसलेली दुसरी, तरणी बाई रडायला लागली होती. ती धाकटी.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. “लिही.”

मी पेन काढलं आणि त्या वाक्याच्या ओळीत, कोऱ्या रकान्यात नाव लिहिलं. मग गाव. थोरली बाई माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली आणि कागदाकडे बघत राहिली. ओळींवरून तिची नजर वर गेली, खाली गेली. तिला वाचता येत नव्हतं.

“यामा मनी माय कोठे शे?” तिनं विचारलं.

मी तिचं बोट धरलं आणि त्या नावावर ठेवलं.